सरासरी काढू, पण भागायचं कशाने?

‘तालुक्यात आतापर्यंत सरासरीच्या इतके टक्के पाऊस झाला’, हे वाक्य पावसाळ्याचे चार महिने आपण रेडिओवर ऐकतो, पेपरात वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. शिरूर आणि दौंडकडची माणसं मात्र या वाक्यापाशी थांबतात. त्यांना ते हवामानाचं वाक्य वाटत नाही, हिशेबाचं वाटतं. त्यांचं बरोबर आहे.

२०२३ सालचंच पाहा. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातले शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे तालुके होते. बाकीच्या तालुक्यांतून ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य करण्यात आली. त्या मंडळांसाठी दोन अटी होत्या. जून ते सप्टेंबर या काळात पडलेला पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी हवा आणि एकूण पाऊस ७५० मिलिमीटरपेक्षा कमी हवा. या अटींत बसलं की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, शाळा-कॉलेजच्या मुलांना परीक्षा फी माफ, गरज पडेल तिथे टँकर. नाही बसलं तर यातलं काही नाही. म्हणजे एका बाजूला एक आख्खं मंडळ, त्यातली गावं, गोठे, विहिरी, परीक्षेला बसलेली पोरं. आणि दुसऱ्या बाजूला एक भागाकार.

आज मला या भागाकाराबद्दल बोलायचं आहे. तो संगणकाला कसा शिकवायचा, हे सांगायचं आहे. कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस या भानगडीत कसा पडला, असं तुम्हाला वाटेल. माझी भाची संगणकाच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला सुरुवातीच्या दिवसांतच एक गृहपाठ मिळाला : दिलेल्या आकड्यांची सरासरी काढणारं फंक्शन लिहा. ‘मामू, हे तर दोन ओळींचं काम आहे,’ असं ती म्हणाली. दोन ओळींचं आहे, हे खरंच. पण त्या दोन ओळींवर आम्हा मामा-भाचीच्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं दोघांनाही वाटलं नाही.

आधी शब्दाबद्दल दोन शब्द. ‘सरासरी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मिळून. महसुलाच्या दप्तराबरोबर असे पुष्कळ शब्द मराठीच्या घरात आले आणि घरचेच झाले. ‘वजाबाकी’मधला ‘वजा’ही अरबी आणि ‘बाकी’ही अरबी. सरासरीच्या मूळ अर्थातच तिचं काम सांगितलेलं आहे : एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं लक्षात घ्यायचं आणि मग एक आकडा सांगायचा. टोकं सोडली तर ती सरासरी राहत नाही.

आता फंक्शन म्हणजे काय? भजनाची वही आठवा. ध्रुवपद वर एकदाच पूर्ण लिहिलेलं असतं. पुढे प्रत्येक कडव्याच्या शेवटी नुसतं ‘॥ धृ ॥’ लिहितात. गाणाऱ्यांना तेवढं पुरतं. खूण दिसली की सगळे मिळून पूर्ण ओळ म्हणतात. फंक्शन तसंच असतं. एखादं काम कसं करायचं ते एकदा नीट लिहून ठेवायचं, त्याला नाव द्यायचं, आणि पुढे हवं तेव्हा नुसतं नाव घ्यायचं. फरक एवढाच, की ध्रुवपद दर वेळी तेच राहतं. फंक्शनला दर वेळी नवा माल देता येतो. आज पावसाचे आकडे द्या, उद्या दुधाचे, परवा परीक्षेच्या गुणांचे. कृती तीच, उत्तर वेगळं. पिठाची गिरणी एकच, आपण ज्वारी टाकली तर ज्वारीचं पीठ, बाजरी टाकली तर बाजरीचं.

संगणकाला कृती सांगताना एक पथ्य पाळावं लागतं. त्याला अंदाज नसतो. आपण घरात ‘चवीपुरतं मीठ’ म्हणतो आणि समोरच्याला कळतं. संगणकाला कळत नाही. प्रत्येक पायरी सांगावी लागते. अशा पायऱ्यांच्या कृतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला राहिलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्याने ग्रंथ लिहिला. तो लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याचं नाव ‘अल्गोरित्मी’ असं लिहिलं गेलं. पुढे माणूस विसरला गेला आणि नाव कृतीला चिकटलं.

तर सरासरीची कृती अशी :

१. ‘एकूण’ नावाच्या डब्यात शून्य ठेव.
२. ‘किती’ नावाच्या डब्यात शून्य ठेव.
३. यादीतला एकेक आकडा घे. दर वेळी तो ‘एकूण’मध्ये मिळव आणि ‘किती’मध्ये एक मिळव.
४. यादी संपली की ‘एकूण’ला ‘किती’ने भाग.
५. आलेलं उत्तर परत दे.

करून पाहू. चार दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे : १२, ०, ३०, ६. पहिला आकडा घेतला, एकूण १२, किती १. दुसरा घेतला, एकूण १२च राहिलं, पण किती २ झालं. तिसऱ्यानंतर ४२ आणि ३. चौथ्यानंतर ४८ आणि ४. अठ्ठेचाळीसला चाराने भागलं, सरासरी १२ मिलिमीटर. यात दुसऱ्या दिवसाकडे लक्ष द्या. त्या दिवशी पाऊस शून्य होता, त्याने बेरजेत भर घातली नाही, पण भाजकात मात्र घातली. कोरडा दिवसही दिवसच असतो. ही बारीक गोष्ट पुढे मोठी होणार आहे.

आजकाल नवशिक्यांना बहुधा ‘पायथॉन’ ही भाषा शिकवतात. गुइडो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती १९९१ साली लोकांपुढे आणली. तिच्यात बेरीज करणारं आणि यादीत किती नग आहेत हे मोजणारं फंक्शन आधीच तयार मिळतं, म्हणून वरच्या पाच पायऱ्या खरोखर दोन ओळींत बसतात. भाषेचे ठरलेले शब्द इंग्रजी अक्षरांत टाईप करावे लागतात; इथे उच्चाराप्रमाणे लिहितो :

डेफ सरासरी(आकडे):
    रिटर्न सम(आकडे) / लेन(आकडे)

‘डेफ’ म्हणजे इथून फंक्शनची व्याख्या सुरू झाली. ‘सरासरी’ हे त्याचं नाव. कंसातलं ‘आकडे’ म्हणजे गिरणीत पडणारं धान्य. ‘सम’ म्हणजे बेरीज, ‘लेन’ म्हणजे यादीची लांबी, आणि ‘रिटर्न’ म्हणजे उत्तर परत दे. मला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनला आणि डब्यांना दिलेली नावं देवनागरीत चालतात. ‘सरासरी’ हे नाव असंच्या असं, काना-वेलांटीसकट टाईप केलं आणि यंत्राने ते बिनतक्रार घेतलं.

इथे गृहपाठ संपतो. आमचं बोलणं मात्र इथून सुरू झालं, कारण मी तिला विचारलं, ‘यादीच रिकामी असली तर?’

रिकामी यादी म्हणजे बेरीज शून्य आणि संख्याही शून्य. शून्याला शून्याने भागायचं. संगणक इथे अडतो आणि चूक दाखवून थांबतो. पुष्कळ नवशिके मग घाईने ठिगळ लावतात : यादी रिकामी असेल तर उत्तर शून्य द्या. कार्यक्रम पुढे चालू राहतो, पण उत्तर खोटं असतं. सरासरी शून्य असणं आणि सरासरी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्रिकेटवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, तो किती वेळा बाद झाला त्याने भागतात. डॉन ब्रॅडमनच्या कसोटीतल्या धावा ६,९९६. डाव ८०, त्यातले १० नाबाद. म्हणून भागायचं ७० ने, आणि येतात ते प्रसिद्ध ९९.९४. ऐंशीने भागलं असतं तर ८७.४५ आले असते. माणूस तोच, धावा त्याच, फक्त भाजक बदलला. १९४८ साली ओव्हलवरच्या शेवटच्या डावात ब्रॅडमन शून्यावर बाद झाला. त्या शून्याने धावा वाढल्या नाहीत, भाजक मात्र एकाने वाढला. शंभराची सरासरी राहायला त्याला त्या डावात चारच धावा हव्या होत्या. आणि जो फलंदाज एकदाही बाद झाला नाही, त्याच्या सरासरीच्या रकान्यात शून्य लिहीत नाहीत. तिथे आडवी रेघ असते. त्या रेघेचा अर्थ, ‘अजून सांगता येत नाही’. चांगल्या फंक्शनलाही ही रेघ यायला हवी. पायथॉनमध्ये २०१४ पासून सरासरीचं जे तयार फंक्शन मिळतं, तेही रिकामी यादी दिली तर शून्य देत नाही. निदान एक तरी आकडा द्या, असं स्पष्ट सांगून थांबतं.

आता याच्याहून अवघड प्रश्न. यादी रिकामी नाही, पण तिच्यातली एक जागा रिकामी आहे.

पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. आदल्या चोवीस तासांचा. आता महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रं आहेत. तरी यंत्र म्हटलं की ते कधी बंद पडणार, कधी नळीत कचरा अडकणार. त्या दिवशीचा रकाना कोरा राहतो. कोरा म्हणजे ‘पाऊस पडला नाही’ असं नव्हे. कोरा म्हणजे ‘पाऊस मोजला नाही’. वहीत लिहिणारा माणूस हा फरक जाणतो. पण तीच वही संगणकात भरताना कोऱ्या रकान्यात कुणी सहज शून्य टाकलं, तर पुढे कुणालाच कळत नाही की ते आभाळाचं शून्य आहे की यंत्राचं.

याने काय बिघडतं? समजण्यासाठी सोपे आकडे घेतो. ते कुठल्याही खऱ्या गावाचे नाहीत. एका मंडळाचा पाच वर्षांचा पावसाळी पाऊस असा धरा : ४००, ३५०, ४५०, कोरा, ४००. चार वर्षांची बेरीज १,६००. कोरं वर्ष सोडून दिलं आणि चाराने भागलं, तर सरासरी ४००. तिचे ७५ टक्के म्हणजे ३००. यंदा पाऊस झाला २९०. तीनशेच्या आत आहे, मंडळ दुष्काळसदृशच्या अटीत बसलं.

आता कोऱ्या वर्षाच्या जागी शून्य टाकू. बेरीज तीच, १,६००. पण भाजक पाच. सरासरी झाली ३२०. तिचे ७५ टक्के २४०. यंदाचे २९० त्याच्या वर आहेत. मंडळ अटीतून बाहेर. आभाळात काही बदललं नाही, शिवारात काही बदललं नाही. एका रकान्यात शून्य टाकलं एवढंच, आणि वीजबिलाची सवलत गेली, मुलांच्या फीची माफी गेली. प्रत्यक्षात सरासरी पाचच नव्हे, पुष्कळ वर्षांच्या नोंदींवरून काढतात, म्हणून एका चुकीचा धक्का इतका जोरात बसत नाही. पण काठावरच्या गावाला ढकलायला छोटा धक्काही पुरतो.

म्हणून आम्ही कृतीत दुरुस्ती केली. तिसऱ्या पायरीत लिहिलं : आकडा कोरा असेल तर तो सोड; ‘एकूण’लाही हात लावू नकोस आणि ‘किती’लाही. चौथ्या पायरीआधी लिहिलं : ‘किती’ शून्यच राहिलं असेल तर ‘माहिती नाही’ असं उत्तर दे. आणि शेवटी लिहिलं : उत्तराबरोबर ‘किती’सुद्धा परत दे. पायथॉनमध्ये एका फंक्शनला दोन उत्तरं देता येतात. आता आमचं फंक्शन नुसतं ‘४००’ म्हणत नाही. ‘४००, पाचपैकी चार वर्षांवरून’ असं म्हणतं. दोन ओळींच्या सात-आठ ओळी झाल्या. पण आता ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो, की ते पाचवं वर्ष कुठे गेलं?

तिसरी अडचण भागाकाराचीच. काही संगणकी भाषा पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक टाकून देतात. १९७० च्या दशकापासून वापरात असलेल्या ‘सी’ या भाषेत सात भागिले दोन म्हणजे तीन. वरचा अर्धा गेला. पायथॉनच्या जुन्या आवृत्त्याही असंच करत. २००८ साली तिसरी आवृत्ती आली तेव्हापासून उत्तर साडेतीन येतं. पाऊस टक्क्यांत काढताना याचा अर्थ काय होतो पाहा. पडला २९९, सरासरी ४००. आधी भागाकार आणि मग शंभराने गुणाकार केला तर सी भाषेत २९९ भागिले ४०० म्हणजे शून्य, आणि शून्य गुणिले शंभर म्हणजे शून्यच. खरं उत्तर ७४.७५ टक्के आहे. आता कुणी ‘आकडा सुटसुटीत दिसावा’ म्हणून ते ७५ करून टाकलं, तर ‘७५ पेक्षा कमी’ ही अट मोडते. आकडे गोल करायचे ते सगळ्यात शेवटी, आणि अट तपासायची ती गोल करण्याच्या आधी, हा धडा पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवावाच, पण मोठ्यांनाही शिकवायला हरकत नाही.

चौथी गोष्ट आपल्या गोठ्यातली. शिरूर-दौंडकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, आणि तो फॅटवर ठरतो. समजा सकाळी १० लिटर दूध घातलं, फॅट ३.६ लागली. संध्याकाळी ५ लिटर घातलं, फॅट ४.५ लागली. दिवसाची सरासरी फॅट किती? आमचं फंक्शन ३.६ आणि ४.५ यांची बेरीज करून दोनाने भागेल आणि ४.०५ सांगेल. ते चूक आहे. सकाळचं दूध दुप्पट आहे, त्याचं वजन दुप्पट धरायला हवं. दहा गुणिले ३.६ म्हणजे ३६, पाच गुणिले ४.५ म्हणजे २२.५. बेरीज ५८.५, भागायचं एकूण १५ लिटरने. उत्तर ३.९. याला भारित सरासरी म्हणतात. डेअरीवर जाणाऱ्या बाईला हे नाव ठाऊक नसेल, पण दोन्ही कॅन एकत्र ओतले तर काय होईल, हे ती बरोबर सांगेल.

उसाचंही तेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. आता समजा एका आठवड्यात हजार टन ऊस गाळला, उतारा ९ टक्के पडला. पुढच्या आठवड्यात तीन हजार टन गाळला, उतारा ११ टक्के. नुसत्या दोन टक्क्यांची सरासरी काढली तर १०, म्हणजे १०.२५ च्या खाली. पण साखर मोजा : पहिल्या आठवड्यात ९० टन, दुसऱ्यात ३३० टन, एकूण ४२० टन. ऊस एकूण ४,००० टन. उतारा साडेदहा टक्के, म्हणजे १०.२५ च्या वर. सरासऱ्यांची सरासरी काढू नये, मूळ मालापर्यंत परत जावं, हा नियम इतका साधा आहे.

रस्त्यावरही हा नियम लागू होतो. शिरूरहून न्हावरे-चौफुलामार्गे दौंडकडे जायचं आहे. हिशेबाला सोपं म्हणून अंतर ६० किलोमीटर धरा. जाताना ताशी ६० ने गेलात, एक तास लागला. येताना पुढे उसाच्या ट्रॉल्या, वेग ३०, दोन तास लागले. सरासरी वेग ४५ वाटतो. पण १२० किलोमीटरला तीन तास लागले, म्हणून सरासरी वेग ४०. सावकाश चालण्यात जास्त वेळ गेला, म्हणून त्याचं वजन जास्त.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट : कुणाकुणाची मिळून सरासरी काढायची? पुणे जिल्ह्यात लोणावळाही येतो आणि दौंडही येतं. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या शिरूर-दौंडला पाचशेच्या आसपास. दोघांची मिळून सरासरी काढली तर सव्वादोन हजारांच्या घरात येईल. एवढा पाऊस ना लोणावळ्याने पाहिला आहे, ना दौंडने. फंक्शन चुकलेलं नसतं. त्याला जे दिलं त्याची सरासरी त्याने चोख काढलेली असते. जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून मंडळावर मोजणी आणा, अशी मागणी लोक करतात ती यासाठी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. एका मंडळात ९० पडला आणि शेजारच्यात ३०, तर दोघांची सरासरी ६०. सरासरीच्या कागदावर अतिवृष्टी झालीच नाही, आणि इकडे कांद्याच्या वाफ्यात पाणी उभं आहे.

दौंड तालुक्यात भीमेकाठी ऊस उभा असतो आणि थोडं लांब गेलं की जिरायती माळ लागतो. शिरूरमध्येही कालव्याचं पाणी पोचलेली गावं वेगळी आणि पाबळ-केंदूरकडची गावं वेगळी. एका गावातल्या नऊ घरांकडे दोन-दोन एकर आणि दहाव्याकडे बावन्न एकर असेल, तर सरासरी सात एकर निघते. सात एकरवाला त्या गावात एकही नाही. अशा वेळी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा. त्याला मध्यक म्हणतात. तो इथे दोन येतो, आणि गावाचं खरं चित्र सांगतो.

हे शहाणपण नवं नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. तिच्यात खोदकामाच्या हिशेबाचा भाग आहे. खड्डा सगळीकडे सारखा रुंद, सारखा खोल नसतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी माप घ्यावं, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजलं त्या संख्येने भागावं, असं ते सांगतात. म्हणजे आमच्या दोन ओळींचं फंक्शनच ते. यातून येणाऱ्या मापाला त्यांनी ‘सममिती’ म्हटलं. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. जितक्या जास्त ठिकाणी मोजाल तितकं हे माप खऱ्याच्या जवळ जाईल, असं त्यांनी तिच्यात स्पष्ट केलं. शेततळं खणणाऱ्या ठेकेदाराशी हिशेब करताना हे आजही उपयोगी पडेल. खोली एकाच, सगळ्यात खोल कोपऱ्यात मोजून चालणार नाही.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं शास्त्रज्ञाचं काम सोडून ते या दुष्काळी गावात आले. हाताने काम करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. सरासरी शिकायला याहून चांगली पद्धत नाही. घरात मुलगा किंवा मुलगी संगणक शिकत असेल, तर पुस्तकातले ५, १०, १५ हे आकडे बाजूला ठेवा. महिन्याभराच्या दुधाच्या पावत्या द्या. एखादी पावती हरवलेली असेल, बरंच झालं. त्या दिवसाचं काय करायचं, हे त्यांना ठरवू द्या. मग विचारा : भागलं कशाने? कोणाला सोडलं? का सोडलं? ज्याला या प्रश्नांची उत्तरं देता येतील, त्याला फंक्शन लिहिता आलं असं समजायला हरकत नाही.

पुढे यातलीच एखादी मुलगी कुठल्या तरी कचेरीत बसून पावसाच्या, पिकाच्या, विम्याच्या हिशेबाचा कार्यक्रम लिहील. तिच्या पडद्यावर आकड्यांची लांब यादी असेल आणि मध्येच एक रकाना कोरा असेल. त्या कोऱ्या रकान्यामागे कुणाचं तरी शिवार आहे, हे तिला ठाऊक असलं पाहिजे. शून्य टाकण्याआधी तिने फोन उचलून विचारलं पाहिजे, ‘त्या दिवशी तुमच्याकडे पाऊस झाला होता का?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)